सतराव्या फरशीचा पंचनामा

समाजात दोन प्रकारची माणसे असतात : रस्त्यावरून चालणारी आणि रस्त्याकडे बघत बसणारी. पहिल्या प्रकारावाचून कोणाचे काही अडत नाही. माणसे नसली तरी रस्ता आपल्या जागी व्यवस्थित असतो. पण बघणाराच नसेल, तर अमुक गृहस्थ अमुक वेळी पिशवी छातीशी धरून कोणाच्या दारात शिरले हे जगाला कधीच कळणार नाही, आणि मग ते शिरले काय नि न शिरले काय, सारखेच. नगरमधल्या अत्तार गल्लीने हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच लढाईच्या ऐन धामधुमीत, १९४२ सालच्या दसऱ्याला, आमच्या गल्लीत 'रस्ता-निरीक्षण मंडळ' स्थापन झाले. मी त्या मंडळाचा चिटणीस.

मंडळाचे अध्यक्ष नृसिंहराव मुळे. कोर्टात तीस वर्षे नाझर होते. पेन्शन घेऊन चार वर्षे झाली, तरी सकाळी चहा समोर आला की आधी तो कोणी आणला, कोणासमक्ष आणला, याची चौकशी करीत. दुसरे सभासद यज्ञेश्वर गुरुजी. शाळा सोडताना शाळेची फूटपट्टी चुकून त्यांच्याबरोबर आली होती (परत करण्याचा विचार चालू आहे). बैठकीची जागा नृसिंहरावांचा ओटा. वेळ सकाळी सहा ते नऊ, दुपारी चारपासून दिवे लागेपर्यंत. कोणत्याही कचेरीने आमच्याकडे हे काम सोपवले नव्हते. कोणी सोपवण्याची वाट पाहत बसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हतो.

लढाईमुळे कागद मिळत नसे. म्हणून नोंदी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केल्या जात. त्यामुळे 'गटारात पडलेल्या वस्तू : टोपी एक, नारळ अर्धा' असे एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी चिरंजीव आणि कोणाची तरी सौभाग्यकांक्षिणी. पहिल्या वर्षातच आमच्या हाती मोलाची माहिती आली. गल्लीतून रोज सरासरी आठशे बारा माणसे जातात. त्यांतली एकशे चार पुन्हा परत येतात. उरलेली कुठे जातात, हे कळलेले नाही. कापडबाजाराकडे जाणारा माणूस भरभर चालतो आणि तिकडून येणारा सावकाश. टांग्याचा घोडा गल्लीच्या मधोमध थांबतो; तेथेच का, याबद्दल मंडळात दोन मते आहेत. अत्तार गल्लीत थुंकणाऱ्यांपैकी शंभरातले अठ्ठ्याण्णव आधी डावीउजवीकडे पाहून घेतात. उरलेले दोन मंडळाचे सभासद आहेत, कारण पाहणारे तेच.

आमच्या गल्लीला पदपथ असा नाही. एका अंगाला गटार आहे आणि गटारावर काळ्या दगडाच्या फरशा टाकल्या आहेत. त्यांच्यावरूनच पायी माणूस जातो. अशा फरशा एकेचाळीस. गुरुजींनी त्यांच्यावर गेरूने आकडे घातले. नऊ फरशा हलतात; पाय पडला की त्यांतल्या पाच 'टक' वाजतात आणि चार 'टुक'. हे ज्ञान तोपर्यंत कोणाजवळ नव्हते.

सतराव्या फरशीवर लंकाबाई बसे. ही केडगावची माळीण. रोज पहाटे डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पायी यायची आणि उन्हं चढेपर्यंत मेथी, शेपू, चुका विकून परत जायची. वीस वर्षांत तिने जागा बदलली नव्हती, कारण दुसरी जागा नव्हतीच. सोळाव्या फरशीमागे घड्याळजीचे दुकान, अठराव्या फरशीमागे छत्री दुरुस्त करणाऱ्याचे. दोघांनाही पाटी आपल्या दारात नको होती. सतराव्या फरशीमागे मात्र नुसती आंधळी भिंत होती. म्हणजे अख्ख्या नगर शहरात लंकाबाईची हक्काची म्हणावी अशी जागा एवढीच : लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट दोन इंच (गुरुजींचे माप). त्यावर तिचे, तिच्या आंधळ्या नवऱ्याचे आणि एका म्हशीचे पोट चाले.

१९४४ सालच्या संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ही फरशी फुटली.

ती कशाने फुटली, याचा निर्णय लागलेला नाही. छावणीकडे जाणारी मोटारलॉरी तिच्यावर चढली, असे छत्रीवाला म्हणतो. श्रीगोंद्याच्या गुळाची गाडी होती, असे घड्याळजी म्हणतो. त्या क्षणी मंडळ ओट्यावर पूर्ण संख्येने हजर होते. परंतु तिन्ही सभासद समोरच्या कौलांवर अडकलेल्या पतंगाकडे पाहत होते. (पतंग लाल, शेपटी पांढरी. नोंद आहे.)

नूरमहंमद गवंडी शेजारच्याच बोळात राहायचा. तो आवाज ऐकून आला, खाली वाकला, दोन तुकडे हाताने हलवून पाहिले आणि म्हणाला, "रावसाहेब, माझ्या अंगणात एक फरशी पडून आहे. आणून टाकतो. विडी ओढून होईस्तोवर काम होईल. पैसे नकोत, मावशी रोज भाजी देते आम्हाला."

नृसिंहराव ओट्यावरून उठून उभे राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत ते असे फक्त न्यायाधीश आत आले म्हणजे उभे राहत.

"खबरदार! कोणी हात लावायचा नाही. आधी पंचनामा."

इथे वाचकांना पंचनाम्याचे महत्त्व सांगणे जरूर आहे. घडलेली गोष्ट घडली, हे ज्याला ती सोसावी लागली त्याच्या सांगण्याने सिद्ध होत नाही. दोन प्रतिष्ठित पंचांनी जागा जशीच्या तशी पाहून खाली सह्या केल्या, म्हणजे ती खरोखर घडते. तोपर्यंत फरशी फुटलेली नसते, फक्त नसते. आणि जी फुटलेलीच नाही, तिच्या जागी दुसरी बसवणार कशी?

पंचाच्या अंगी दोन गुण लागतात. त्याने सारे डोळ्यांनी पाहिलेले असावे, आणि त्याचा त्यात काडीचाही हितसंबंध नसावा. पहिला गुण गल्लीत सर्वांपाशी होता. दुसऱ्यापाशी गाडे अडले. घड्याळजी आणि छत्रीवाला शेजारी म्हणून बाद. गुरुजींच्या घरी लंकाबाईची मेथी येते, माझ्या घरी शेपूसुद्धा येतो, आम्ही बाद. शेवटी छाननीत असे निघाले, की गल्लीतल्या त्र्याहत्तर बिऱ्हाडांपैकी बहात्तर बिऱ्हाडे लंकाबाईची भाजी खातात. फक्त नृसिंहरावांना वैद्यांनी पालेभाजी वर्ज्य सांगितली होती. तेवढे एकटे निःपक्षपाती ठरले आणि पंच क्रमांक एक म्हणून त्यांनी ताबडतोब सही ठोकली. दुसऱ्या पंचाचा शोध सुरू झाला.

शोध दोन महिने चालला. त्या काळात मंडळाने हातावर हात ठेवून बसून राहणे पत्करले नाही. उघड्या गटारामुळे निरीक्षणाला नवे क्षेत्रच मिळाले होते. एका आठवड्यात तिथून पाच हजार सहाशे चाळीस माणसे गेली. उडी मारून गेलेली तीन हजार, टांग टाकून गेलेली हजार, धोतराचा सोगा हातात धरून विचार करीत उभी राहिलेली दोनशे अकरा. वकील वळसा घालतात, कारकून दुसऱ्याने उडी मारलेली पाहून मग मारतात, आणि नवी नवरी बरोबर असली की नवरा उडी जरा जास्तच लांब घेतो. यावर गुरुजींनी व्याख्यान दिले. श्रोते मी आणि नृसिंहराव.

लंकाबाई त्या दोन महिन्यांत भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पाटी टेकवायला जागा नव्हती, म्हणून ती कमरेवर धरून. आम्ही उभ्याने विक्री आणि बसून विक्री यांची तुलना केली. विक्री निम्म्यावर आली होती.

"दादा," ती एकदा ओट्याशी येऊन मला म्हणाली, "माझी फरशी कवा बशिवनार? उभं ऱ्हाऊन गुडघं गेलं माझं. रस्त्यात बसावं तर टांगेवाला चाबूक दावतो. घरी जाऊन म्हाताऱ्याला काय सांगू?"

"कागद तयार आहेत, लंकाबाई," मी म्हणालो. "एका सहीचं काम आहे."

"मंग कुनी तरी करा की. लई मान्सं लिवनारी हायेत हितं."

घरी आमच्या कुटुंबानेही तोच सूर लावला. भाजी चिरता चिरता इंदू म्हणाली, "तिघं मिळून एक दगड उचलवत नाही का हो तुम्हाला?" बायकांना कामाची पद्धत समजावून सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. मी पान खाऊन बाहेर पडलो.

फाल्गुनात एका शुक्रवारी नमाज आटोपून नूरमहंमद आला. आम्ही दुपारी जेवून आडवे झालो होतो. त्याने अंगणातली फरशी हातगाडीवर घातली, गटारावर टाकली, कडेने चुना भरला आणि विडी पेटवली. शनिवारी सकाळी लंकाबाई आपल्या जागेवर बसलेली दिसली. तिने पाटी खाली ठेवली, पाय पसरले आणि गुडघ्यांवरून हात फिरवला. त्या दिवशी तिने सगळ्यांना मूठभर मेथी वर घातली. मला बरे वाटले होते. हे मी इथे लिहितो, कारण मंडळाच्या नोंदीत ते लिहिलेले नाही.

त्याच दिवशी तातडीची सभा भरली. नृसिंहरावांनी आपल्या सहीचा कागद पुढे ठेवला. पंच क्रमांक एक म्हणून त्यांनी जी फरशी नाही अशी सही केली होती, ती आता होती. म्हणजे सही खोटी ठरत होती! तीस वर्षांत त्यांची सही खोटी ठरली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला : जागा मूळ स्थितीत आणावी.

रविवारी संध्याकाळी मंडळाने प्रथमच हाताने काम केले. चुना ओलाच होता. नृसिंहरावांनी एक बाजू धरली, गुरुजींनी दुसरी, आणि मी तोंडाने 'हां, हां' करीत मध्ये हात घातला. जड होती, पण चार मिनिटांत निघाली. ती भिंतीशी टेकवून ठेवली. जुने तुकडे गुरुजींच्या नकाशावरून, अर्धा इंचही न चुकवता, पुन्हा गटारात घातले. भिंतीवर सूचना लावली : 'येथील फरशी पंचनाम्याच्या कामी पूर्ववत काढण्यात आली आहे. पादचाऱ्यांनी पाहून पाऊल टाकावे.' अक्षर माझे होते. ते चांगले आहे, असे सगळेच म्हणतात.

लंकाबाईला वाचता येत नव्हते. आणि येत असते तरी काही फरक पडला नसता. डोक्यावर पाटी असलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. आमच्याकडे चालण्याच्या तऱ्हांचे एकोणीस रकाने होते, त्यांत ही गोष्ट नव्हती. सोमवारी सकाळी साडेसहाला ती आपल्या जागेवर आली, वीस वर्षांच्या सवयीने पाऊल टाकले, आणि पाय मांडीपर्यंत गटारात गेला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यावर ऐकू आला. तो 'टक' नव्हता आणि 'टुक'ही नव्हता.

"आगं आई गं! आरं काढा मला वर! पाय दगडात अडाकलाय!"

आम्ही धावलो. आम्ही धावलो नाही, असे कोणी म्हणू नये. पण नृसिंहराव दोन पावलांवर थांबले आणि त्यांनी आम्हाला दोन्ही हात आडवे केले. त्यांच्या ध्यानात आले होते, की ज्या प्रकरणाला दोन महिने पंच मिळत नव्हता, ते प्रकरण आता डोळ्यांसमोर, ताजे, गर्दीसमक्ष पडले आहे.

"बाई, हलू नका," ते म्हणाले. "जरा दम धरा. जागा मोजून होऊ द्या."

"म्या हलू कशी? पायच निघंना! दादा, हात द्या की वो!"

गुरुजींनी फूटपट्टी काढली. फीत माझ्याजवळ होती. खोली मोजायची होती, आणि तिचा पाय खोलीतच होता. "गटार वीस इंच," गुरुजी म्हणाले. "पाय धरून की पाय वगळून?" नृसिंहरावांनी विचारले.

"माझा पाय मोजताय व्हय?" लंकाबाई म्हणाली. नंतर तिने नुसते ओठ दाबून धरले.

फितीचे माझ्याकडचे टोक तिच्या गुडघ्यापाशी होते, आणि ते सारखे हलत होते. मी गुरुजींना म्हणालो, टोक स्थिर राहत नाही. ते म्हणाले, सरासरी घ्या. मी घेतली.

एव्हाना गर्दी जमली. मोजली : त्रेसष्ट. नृसिंहरावांनी सर्वांना समजावून सांगितले, की जो पुढे येऊन बाईला हात लावील त्याचा हितसंबंध निर्माण होईल आणि तो पंच म्हणून बाद होईल. माझी अशी कल्पना होती, की निदान पाचसहा माणसे तरी बाद व्हायला पुढे येतील. कोणी आले नाही. प्रत्येकाला आपण पंच होऊ शकतो, ही जाणीव सुखावून गेली असावी. इतकी शांत, शिस्तीची गर्दी नगर शहरात क्वचितच जमली असेल. फक्त आमची इंदू तांब्या घेऊन गर्दीतून वाट काढीत आली आणि लंकाबाईचे डोके मांडीवर घेऊन तिला पाणी पाजू लागली. तिच्याकडे पाहून नृसिंहरावांनी मान हलवली, आणि माझे कुटुंब पक्षकार झाल्याची नोंद मला माझ्याच हाताने करावी लागली.

पाऊण तास गेला. मग नूरमहंमद आला. त्याने कोणाला काही विचारले नाही. पहार घालून दगड बाजूला केला आणि खाली बसला. "मावशी, माझ्या गळ्यात हात टाका. आं, अस्सं."

"नूरमहंमद! अहो, पंचनामा व्हायचाय!" नृसिंहराव ओरडले.

"करा की, रावसाहेब. बाई नेतो, खड्डा ठेवून जातो."

त्याने तिला उचलून हातगाडीवर निजवले आणि दवाखान्याकडे नेले. इंदू मागोमाग गेली. मुख्य पुरावाच अशा रीतीने जागेवरून हलवला गेल्याबद्दल मंडळाने निषेधाचा ठराव केला.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर तीन महिने. पण ते काम डॉक्टरांचे. आमचे काम पंचाचे. आम्ही त्रेसष्ट जणांच्या घरी जाऊन आलो. एकाची पाठ होती. एकाला फक्त पाटी दिसली, बाई दिसली नाही. चौघे म्हणाले, आम्ही गर्दी कशाची ते पाहायला आलो होतो आणि गर्दीच पाहिली. एक गृहस्थ त्या दिवशी गावातच नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून सारे पाहिले होते, तरी नव्हते. पाहणारे त्रेसष्ट, पाहिलेले शून्य. एवढा स्वच्छ निकाल आमच्या कोणत्याच मोजणीत आला नव्हता.

नूरमहंमदला पुढच्याच महिन्यात छावणीत बराकी बांधायचे काम लागले आणि तो तिकडेच राहायला गेला. इंदू केडगावला जाऊन लंकाबाईला भेटून आली. तिने निरोप पाठवला होता : "माझी जागा तेवढी ऱ्हाऊ द्या म्हनावं. आखाडात येते म्या."

ती आली. आखाडात नाही, श्रावणात, काठी टेकत. पाटी नव्हती. म्हैस विकली, असे घड्याळजीला सांगताना मी ऐकले. गटारापाशी बराच वेळ उभी राहिली. मग भिंतीशी टेकवलेल्या फरशीकडे पाहिले, आणि मग ओट्याकडे.

"दादा, अजून न्हाई व्हय बशिवली?"

"एकच सही राहिलीय, लंकाबाई."

"तुमी करा की."

"मला चालत नाही. घरच्यांनी तुम्हाला पाणी दिलं ना."

तिने मान हलवली. तिला ते पटले असे वाटले. गरीब माणसाला कायदा पटकन पटतो. "मंग बगा कुनी मिळतंय का," एवढे म्हणून ती वळली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, त्यामुळे ती कोणत्या बाजूने गेली याची नोंद करायची राहून गेली आहे.

मंडळाने त्यानंतर बराच विचार केला आणि अखेर एक नाव एकमताने पक्के केले. ते तुमचे.

नाही म्हणू नका. फरशी फुटल्यापासून बाई काठी टेकत परत गेली तोपर्यंत तुम्ही सारे पाहिलेत. मध्ये कुठे उठून गेला नाहीत. पाऊण तास तुम्ही आमच्याबरोबर तिथे उभे होतात. एकदोन ठिकाणी तर तुम्हाला हसूही आले. पण हसणे हा हितसंबंध नव्हे, असा निर्णय नृसिंहरावांनी दिला आहे. लंकाबाईशी तुमचे नाते नाही, तिची मेथी तुमच्या घरी येत नाही. असा माणूस आम्ही आठ महिने शोधत होतो.

कागद तयार आहे, दौत-टाक ओट्यावर ठेवला आहे. खाली 'पंच क्रमांक दोन' लिहिले आहे, तिथे सही करावी. फरशीला हात लावायची गरज नाही. ते तुमच्या हातून होणार नाही, याची खात्री करून घेतल्यावरच आम्ही तुमचे नाव घातले.